आधी खिडकीपाशी उभं राहून बघा

"काय गं, झोप झाली नाही का?" हा प्रश्न काही जणींना शाळेपासून ऐकावा लागतो. आठ तास झोपून, चांगली साडी नेसून लग्नाला जावं आणि मांडवात शिरताच मावशीनं हनुवटी धरून म्हणावं, "बरं नाही का? डोळे किती खोल गेलेत!" विचारणारीच्या मनात माया असते. पण त्या प्रश्नात निदान आधीच होऊन गेलेलं असतं आणि बरेचदा ते चुकतं. मग त्या चुकलेल्या निदानावर काकडी, बटाटा, लिंबू आणि नाना तऱ्हेची क्रीमं वर्षानुवर्षं खर्ची पडतात. मला खंत वाटते ती या वाया गेलेल्या वर्षांची, आणि पैशांचीही.

"काळी वर्तुळं म्हणजे जागरण"

पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी आहे, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. गालाखाली असतो तसा चरबीचा थर तिच्याखाली जवळजवळ नसतोच. लगेच डोळा मिटणारा स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्या लागतात. त्यामुळे इथे तीन वेगळ्या गोष्टी काळ्या दिसतात: त्वचेतला रंग, त्वचेखालचं रक्त आणि चेहऱ्याच्या ठेवणीची सावली. तिन्हींचा उपाय वेगळा.

ओळखायला पैसे लागत नाहीत. सकाळी तोंड धुऊन, हातात आरसा घेऊन खिडकीपाशी उभं राहा. चेहरा उजेडाकडे उचला. काळेपणा विरला तर ती सावली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे उतरणारी खाच खोल असली की ती पडते, आणि वय वाढून गालाची भर ओसरली की अधिक दिसते. आता बोटानं त्वचा अगदी हलकेच ताणा. तपकिरी छटा तशीच राहिली तर तो मेलॅनिन, म्हणजे त्वचेचाच रंग. निळसर-जांभळी छटा उलट जास्त उठून दिसली तर त्या रक्तवाहिन्या. पुष्कळांच्या डोळ्यांखाली यातल्या दोन किंवा तिन्ही गोष्टी एकत्र असतात, त्यामुळे ही घरगुती परीक्षा शेवटचा शब्द नाही. पण कुठून सुरुवात करायची ते कळतं.

जागरणानं त्वचा फिकट पडते, डोळ्यांखाली थोडं पाणी साठतं आणि निळसर छटा वाढते. दोन रात्री नीट झोप मिळाली की ते उतरतं. तपकिरी रंग मात्र जागरणानं येत नाही आणि झोपेनं जातही नाही. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तो सर्रास आढळतो, घराण्यात चालत येतो, लहानपणीच दिसू लागतो. आजीचा जुना फोटो काढून बघा. तिथेही तोच रंग दिसला तर त्याला आजार म्हणू नका.

"घरचं आहे, त्यानं अपाय होत नाही"

काकडीच्या चकत्यांनी बरं वाटतं ते गारव्यामुळे. गारव्यानं रक्तवाहिन्या काही वेळ आकसतात, सूज थोडी ओसरते. फ्रिजमधला चमचा किंवा थंड पाण्याची घडी हेच काम करते, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलंही आहे. लिंबाचं तसं नाही. त्याचं आम्ल इतक्या पातळ त्वचेला झोंबतं, दाह होतो, आणि आपल्या त्वचेत दाह ओसरताना मागे काळा डाग ठेवून जातो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्यातल्या काही द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखीही होते. काळेपणा घालवायला लावलं त्यानंच तो वाढवला, असं व्हायला नको.

त्याहून जुना शत्रू म्हणजे डोळे चोळण्याची सवय. धूळ, परागकण किंवा एसीची थंड हवा यांमुळे नाक चोंदतं, डोळ्यांना खाज सुटते आणि हात आपोआप वर जातो. रोजच्या घासण्यानं त्वचा जाड होते, सुरकुतते, काळी पडते. चोंदलेल्या नाकामुळे डोळ्यांखालच्या नीलांमध्ये रक्त तुंबतं, ते वेगळंच. लहान मुलांच्या डोळ्यांखालचा काळेपणा पाहून "जंत झालेत" म्हणून औषध दिलं जातं, पण आधी बघायला हवं ते त्यांचं नाक. सतत चोळण्यानं डोळ्याचं पारपटल शंकूसारखं पुढे येण्याचा धोकाही वाढतो, म्हणून ही गोष्ट नुसत्या दिसण्याची नाही.

पापणीची ॲलर्जी फार फसवते. कलप लावला केसांना आणि खाज सुटली पापण्यांना, असं होतं. कलपातलं पीपीडी हे रसायन डोक्याच्या जाड त्वचेला सोसतं, पापणीला सोसत नाही. नखांच्या रंगाचंही तसंच: नखाला काही होत नाही, पण त्याच बोटानं डोळा पुसला जातो. डोळ्यांचं क्रीम बदलून बदलून थकलेल्यांनी एकदा कलपाच्या आणि नेलपॉलिशच्या तारखा आठवून बघाव्यात. काजळ रात्री न घासता, तेलाच्या बोळ्यानं अलगद काढावं. बाजारच्या काही सुरम्यांत शिशाचं संयुग असतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा काहीच घालू नये.

"दुकानदारानं दिलेलं क्रीम आठवड्यात गुण देतं"

देतं, आणि तेच भीतीचं आहे. झटपट उजळवणाऱ्या अनेक मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला स्टेरॉइड असतं. ते डोळ्यांभोवती महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या जास्त दिसू लागतात, आणि डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते. 2018 साली केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड औषधं 'शेड्यूल एच'मध्ये आणली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी मागितली जात नसेल तर आपण स्वतः ट्यूबवरची नावं वाचावीत.

तपकिरी रंगासाठी रोज करायची गोष्ट साधी आहे: झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि गॉगल. बाकी औषधं त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवावीत, आणि फरक दिसायला महिने लागतात हे आधीच धरून चालावं. काचबिंदूच्या काही थेंबांमुळेही पापण्या काळवंडतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, थेंब मनानं बंद करू नका. मानही काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे, घासू नका. रक्तातली साखर तपासून घ्या.

हिमोग्लोबिनचं थोडक्यात. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो आणि डोळ्यांखालचा काळेपणा उठून दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. तपासणी जरूर करा, ती डोळ्यांसाठी नाही तर आख्ख्या शरीरासाठी. जेवणाला लागून चहा मात्र टाळा, त्यानं अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

"सूज म्हणजे पाणी कमी प्यायल्याचं लक्षण"

सूज आणि पिशव्या यांची गल्लत होते. सकाळी फुगलेले आणि दुपारपर्यंत उतरलेले डोळे म्हणजे साठलेलं पाणी. रात्री आडवं झाल्यावर ते चेहऱ्याकडे येतं. रात्रीच्या ताटातलं लोणचं, पापड, फरसाण कमी करून आणि उशी थोडी उंच घेऊन बघा. दिवसभर तशाच राहणाऱ्या पिशव्या वेगळ्या. डोळ्याभोवतीच्या चरबीला आवरून धरणारा पडदा वयानं सैल पडतो आणि ती पुढे येते. ती कुठल्याही क्रीमनं आत जात नाही, जायची असेल तर शस्त्रक्रियेनंच. खाच भरायला फिलर टोचतात, पण ते पाणी धरून ठेवत असल्यामुळे आधीच सूज असलेल्यांच्या डोळ्यांखाली फुगीरपणा वाढू शकतो. क्वचित रक्तवाहिनी बंद होऊन दृष्टीही जाते, म्हणून ते पार्लरमध्ये करायचं काम नाही.

प्रौढांत चेहरा सतत फुगलेला, सोबत थकवा, थंडी न सोसणं, वजन वाढणं असेल तर थायरॉइड तपासावा. एकच डोळा लाल, दुखरा, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि एक गोष्ट आईबापांसाठी. मूल सकाळी उठतं ते सुजलेले डोळे घेऊन, संध्याकाळपर्यंत सूज उतरते, म्हणून घरचे "ॲलर्जी असेल" म्हणत दोन-तीन आठवडे थेंब घालत राहतात. मग पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेवर रुततं. हा नेफ्रॉटिक सिंड्रोम असू शकतो: मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं लघवीवाटे निसटतात, रक्तातलं पाणी अंगात झिरपतं आणि सर्वांत आधी दिसतं ते याच पातळ त्वचेखाली. बहुतेक मुलं वेळेवर आणि पुरेसे दिवस दिलेल्या औषधानं सावरतात. ते औषध स्टेरॉइडच असतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेलं. मुलाचे डोळे सलग दोन-तीन सकाळी सुजलेले दिसले, लघवीला फेस दिसला, तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरा आणि त्याच दिवशी तपासणीला द्या. अल्ब्युमिनची ही चाचणी तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेतही होते.