परदेशांतला ईस्टर आणि आपलें पंचांग



परदेशीं राहावयास गेलेल्या मराठी कुटुंबास तेथील नाताळ लवकर उमगतो. तो दरसाल २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टर मात्र चकवितो. एके वर्षीं तो मार्चांत येतो, तर दुसऱ्या वर्षीं एप्रिल सरतांना. शेजारी रंगविलेलीं अंडीं आणून देतात, मुलें बागेंत तीं शोधीत फिरतात, आणि आपल्या मनांत येतें, या सणाचा हिशेब तरी कोणता? त्याचें उत्तर आपल्या घरच्या पंचांगाच्या रीतींतच आहे.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतरचा पहिला ईस्टर १३ एप्रिल १८८४ रोजीं आला, दुसरा ५ एप्रिल १८८५ रोजीं. १८८६ च्या मार्चांत त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास अमेरिकेंत गेल्या. त्या वर्षीं ईस्टर २५ एप्रिलला पडला. याहून उशिरां तो येऊंच शकत नाहीं. तसाच २२ मार्चच्या आधींही येत नाहीं.

असें कां व्हावें? येशूचा वधस्तंभावरील मृत्यु यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला. आपल्या कोकणांतील बेने इस्रायल समाजही पाळीत आलेला हा सण पौर्णिमेचा. येशूचें पुनरुत्थान झालें तें रविवारीं. म्हणून चंद्र आणि वार हीं दोन्हीं सांभाळणें आलें. सर्वांनीं हा सण एकाच रविवारीं पाळावा, असें ३२५ सालीं नायसियाच्या धर्मसभेनें ठरविलें. पुढें नियम रूढ झाला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावी आणि तिच्या नंतरच्या रविवारीं ईस्टर करावा. १८८६ सालीं ही पौर्णिमा १८ एप्रिलला, तीही रविवारीं आली. म्हणून सण पुढल्या रविवारावर गेला.

ही पौर्णिमा आकाशाकडे पाहून नव्हे, तर कोष्टकावरून ठरते. एकोणीस सौर वर्षांत सुमारें २३५ चांद्रमास बसतात, हा त्या कोष्टकाचा पाया. बारा महिन्यांप्रमाणें एकोणीस वर्षांचे २२८ महिने होतात. उरलेले सात आपण अधिक मास म्हणून धरतों. हिशेब एकच, मांडणी निराळी.

बीड जिल्ह्यांतील कडा गांवच्या माणसास हें नवें वाटूं नये. शेजारच्या पाथर्डी तालुक्यांत मढी येथें कानिफनाथांची यात्रा रंगपंचमीस भरते, आणि तिचीही इंग्रजी तारीख दरसाल बदलते. २०२४ सालीं रंगपंचमी ३० मार्चला होती, ईस्टर दुसऱ्याच दिवशीं. २०२३ सालीं हनुमानजयंती ६ एप्रिलला आणि ईस्टर ९ एप्रिलला आला.

ग्रीसमध्यें राहणाऱ्यास आणखी एक कोडें पडतें. पोप ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं सुधारलेली गणना पूर्वेकडील बहुतेक चर्चांनीं ईस्टरपुरती स्वीकारली नाहीं. त्यामुळें २०२४ सालीं त्यांचा ईस्टर ५ मे रोजीं झाला. २०२५ सालीं मात्र दोन्हीं पक्षांचा सण २० एप्रिललाच जुळून आला.

आतां अंड्यांविषयीं. ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचें व्रत असतें. मध्ययुगांत त्या काळांत मांसाबरोबर अंडींही वर्ज्य असत. कोंबड्या कांहीं व्रत पाळीत नाहींत. सांठलेलीं अंडीं सणाला खाण्यांत येत. शिवाय कवच फोडून बाहेर पडणारा जीव ही उघडलेल्या थडग्याची खूण मानली गेली. एकूण, आपण ज्यास पारणें म्हणतों तेंच हें.

परक्या सणांत आपण किती सामील व्हावें, हा प्रश्न परदेशांतील प्रत्येक घरास पडतो. रमाबाईंनीं तर तो धर्मच स्वीकारला होता. तरी विलायतेंत त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं, आणि खाण्यापिण्याच्या या नियमांवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा पत्रांतून वादही झाला. श्रद्धा कोणती घ्यावी आणि ताटांत काय वाढावें, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हें त्यांनीं ओळखलें होतें. शेजाऱ्याचें निमंत्रण आल्यास अवश्य जावें, सणाचें मूळ जाणून घ्यावें. त्यासाठीं आपली चाल टाकावी लागत नाहीं, आणि त्याच्या चालीस नांवें ठेवण्याचेंही कारण उरत नाहीं.