चिनी ऋतूंचे सण : लेखांक ४ – वेखंडाची पाती आणि कवीची नदी

गेल्या आठवड्यात आपण छिंगमिंग या सणाच्या निमित्ताने पूर्वजांच्या थडग्यांपर्यंत गेलो. आता उन्हाळा लागला आहे. चिनी पंचांगात पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला दुआनवू हा सण येतो. आपल्याकडे तेव्हा बहुधा ज्येष्ठ किंवा आषाढ शुद्ध पंचमीच्या आसपासचे दिवस असतात. ड्रॅगनचे तोंड लावलेल्या लांबलचक नावांच्या शर्यतींमुळे हा सण जगभर ठाऊक झाला. त्याचे मूळ शोधायचे तर आधी घराच्या दाराशी जावे लागते.

दारावर वेखंडाची हिरवी पाती आणि दवण्याच्या कुळातली एक उग्र वासाची वनस्पती लावलेली असते. वेखंडाचे पाते म्हणजे रोगराई कापणारी तलवार, अशी भावना. मुलांच्या मनगटात पाच रंगांचा दोरा, गळ्यात सुगंधी वनस्पतींची पुरचुंडी. पूर्वी दारूत मनशीळ कालवून ती पीत, घरात शिंपडत आणि तिच्यात बोट बुडवून मुलाच्या कपाळावर ‘राजा’ या अर्थाचे अक्षर काढत. ते वाघाच्या कपाळावरच्या पट्ट्यांसारखे दिसते. त्याला पाहून विषारी जीव दूर राहतील, ही श्रद्धा. मनशिळेत आर्सेनिक असते, त्यामुळे ही दारू पिण्याची चाल आता मागे पडली आहे.

एवढा बंदोबस्त कशासाठी? पाचवा महिना घातकी मानला जाई. उष्मा, दमट हवा, साथीचे आजार आणि बिळांतून बाहेर पडणारे साप, विंचू, गोम! या तिथीला जन्मलेल्या मुलाचीही धास्ती वाटे. छी राज्यातला सरदारपुत्र थियान वन याच दिवशी जन्मला, तेव्हा त्याला वाढवू नये असे वडिलांनी फर्मावले. दाराच्या उंचीचे झाले की असे मूल आईबापांच्या मुळावर येते, असा समज होता. आईने त्याला लपवून वाढवले. मोठा झाल्यावर त्याने वडिलांना विचारले, तसे असेल तर दारच उंच का करू नये? हाच मुलगा पुढे मंगछांगजून म्हणून नावाजला. इतिहासकार स-मा छ्यान याने ही हकिकत नोंदवली आहे.

या सणाशी जोडले गेलेले दुसरे नाव मंगछांगजूनच्याच काळातल्या छ्यू युआनचे; तो छू राज्याचा मंत्री आणि कवी. बलाढ्य छिन राज्यापासून सावध राहा, हा त्याचा सल्ला राजाला रुचला नाही. त्याला हद्दपारी भोगावी लागली. इ. स. पू. २७८ मध्ये छिनच्या सैन्याने छूची राजधानी घेतली. परंपरा सांगते की त्यानंतर त्याने आजच्या हुनान प्रांतातल्या मीलुओ नदीत देह टाकला. लोक नावा घेऊन त्याला शोधायला धावले, म्हणून शर्यती. त्याच्यासाठी पाण्यात भात सोडला, म्हणून त्सोंगत्सू, म्हणजे पानात बांधून उकळलेला चिकट भात. सूचौ भागात मात्र हाच दिवस वू राज्याच्या वू त्सू-श्यू या मंत्र्याच्या नावाने पाळतात. तो तर छ्यू युआनच्या दोनशे वर्षे आधीचा.

रोगराईचा दिवस आणि कवीचे स्मरण यांची गाठ कशी बसली, ते सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका कथेत दिसते. छ्यू युआनचा आत्मा एका माणसाला भेटतो आणि म्हणतो, तुम्ही दिलेला भात जलदैत्य पळवतो. त्यावर बकाण निंबाची पाने लावा आणि पाचरंगी दोरा बांधा, त्याला या दोन्हींची भीती वाटते. मुलाचे रक्षण करणारा दोरा इथे कवीच्या घासाचे रक्षण करतो!

आजचे त्सोंगत्सू बांबूच्या किंवा बोरूच्या पानात बांधतात. पानाचा द्रोण करायचा, भिजवलेला चिकट तांदूळ भरायचा, पान दुमडून दोऱ्याने आवळायचे आणि बराच वेळ उकळायचे. उत्तरेत आत खजुरासारखे गोड बोर किंवा लाल चवळीचे पुरण, दक्षिणेत डुकराचे मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक.

२००८ पासून चीनमध्ये दुआनवूला सार्वजनिक सुटी असते; २००९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण सण टिकला तो घरोघरच्या काळजीमुळे. लेकरू उन्हाळ्यातून सुखरूप पार पडावे म्हणून माणसे दरवर्षी दोरा बांधत राहिली आणि त्या दोऱ्यासोबत एका हद्दपार कवीचे नावही पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले. ग्रंथालयांपेक्षा स्वयंपाकघरांनी त्याला अधिक सांभाळले, असे मला मनापासून वाटते.

(पुढील लेखांकात : आठव्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्रोत्सव)