नळ खोकतो, भिंत ओलावते!

वैशाखातलं ऊन कोकणातल्या लांज्यात नुसतं भाजून काढतं. पावसाचा थेंब नाही. तरीही एखाद्या जुन्या घराच्या न्हाणीघराबाहेर, जांभ्या दगडाच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसतो आणि रोज थोडा थोडा पसरतो. हे पाणी येतं कुठून?

येतं भिंतीत पुरलेल्या पाइपमधून! चला, त्याचा माग काढू.

घरावरची टाकी नळापेक्षा 5 मीटर उंच असेल, तर नळाजवळ पाणी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे अर्ध्या किलोचा दाब देतं. म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर अर्धा किलो! आणि गंमत ऐका. टाकी 200 लिटरची असो की 2,000 लिटरची, पाण्याची उंची तीच असेल तर दाबही तेवढाच. दाब ठरतो उंचीवर, पाणी किती आहे त्यावर नाही. नळ बंद असला तरी हा दाब रात्रंदिवस पाइपला आतून रेटत असतो.

नवा पाइप हे सहज सोसतो. पण जुन्या घरात बहुतेकदा लोखंडी पाइप असतात. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ते संपलं की लोखंड गंजू लागतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे पाइप आतून अरुंद होतो, नळाची धार बारीक होते आणि पाइपची भिंतही पातळ होत जाते. सगळ्यात कच्ची जागा म्हणजे सांधा. तिथे आटे पाडताना धातू कापलेला असतो, मुलामाही निघालेला असतो. म्हणून गळती बहुतेक वेळा सांध्यापाशीच सुरू होते.

त्यात आपला जांभा सच्छिद्र. पाणी त्याच्या बारीक छिद्रांतून सरकत जातं. डाग एकीकडे आणि गळती भलतीकडेच, असं म्हणूनच होतं! लांज्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पावसाळ्यात कुठली ओल पावसाची आणि कुठली पाइपची, हे कळणं अवघड. उन्हाळ्यात मात्र चोर सापडतो. रात्री सगळे नळ बंद करा, मोठ्या माणसांकडून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून घ्या. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल, तर कुठेतरी गळती आहेच.

आता नळ का खोकतो ते पाहू. टाकी रिकामी झाली की पाइपमध्ये हवा शिरते. पाणी परत आलं की ही हवा पाइपच्या उंच वळणात अडकून बसते आणि पाण्याची वाट अडवते. मग नळ फस्स, खळ्ळ करत थांबून थांबून वाहतो. हवेला बाहेर पडायला वाट हवी, हे आपल्या पूर्वजांना पक्कं माहीत होतं. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं. पंप नाही, वीज नाही, फक्त जमिनीचा उतार! त्या जलमार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडायची. आज टाकीजवळ वर उघडं तोंड असलेला जो उभा पाइप दिसतो, तोही हवेसाठीच असतो.

आणि पाइप अचानक फुटलाच तर? आधी मोठ्यांना हाक मारा. टाकीखालचा व्हॉल्व बंद करायला सांगा. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे पाइपमधलं उरलेलं पाणी फटीऐवजी तिथून निघून जाईल. पाणी विजेच्या बोर्डाकडे किंवा गीझरकडे पोचलं असेल, तर तिथे मुळीच जाऊ नका. मोठी माणसं कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करतील.

व्हॉल्व वर्षानुवर्षं हलवला नाही, तर तो जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही. म्हणून आजच आईबाबांना किंवा आजोबांना विचारा, "आपला व्हॉल्व कुठे आहे?" त्यांच्याकडून तो एकदा बंद-चालू करून घ्या. घरातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत असलीच पाहिजे!