कावेरीत सोडलेला पुण्याचा मासा

1946 साली म्हैसूर भागातल्या कबिनी या कावेरीच्या उपनदीत व्हॅन इंगेन नावाच्या मासेमाराच्या गळाला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर मासा लागला. पाठीवर वशिंड, परांना नारिंगी छटा. कावेरी खोरं सोडून हा मासा जगात कुठेही नाही.

आपल्याकडचा महाशीर वेगळा, निळसर परांचा. कर्नल साइक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि 'खुद्री' हे इथलंच नाव शास्त्रात नेलं. तो घटू लागल्यावर लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याचं प्रजनन सुरू झालं. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य मिसळायचं. या कष्टांमुळे खुद्री सावरला, याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. पण त्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, कावेरीतही सोडली गेली.

गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या, कावेरीवरच्या गालिबोर इथल्या 1998 ते 2012 च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. महाशीर भरपूर मिळत होते, पण बहुतेक निळ्या परांचे. वशिंडवाले विरळ होत गेले. जे सापडत ते थोराड, त्यांची पिल्लं दिसेनात. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी यांचा घाव होताच, त्यात हा पाहुणा नदी व्यापून बसला.

सोडायचा मासा त्याच नदीचा असला तरी संख्या फसवते. एक मादी हजारो अंडी देते, त्यामुळे मूठभर प्रजनकांवर लाखभर मत्स्यजिरे, म्हणजे इवली पिल्लं, तयार होतात. पण ती सगळी भावंडंच. नऊ माद्यांना एकच नर वापरला, तर दहा प्रजनक असूनही वैविध्याच्या हिशेबात ते चारांहूनही कमी भरतात. अनेक नरांचं वीर्य एकत्र मिसळलं, तरी बहुतेक अंडी एखादाच नर फळवू शकतो. म्हणून अंड्यांचे वाटे करून प्रत्येक वाट्याला वेगळा नर द्यावा लागतो. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या हौदातच वाढलेला मासा हौदालाच सरावतो. हे टाळण्यासाठी प्रजनक त्याच नदीतून, पुन्हा पुन्हा नवे आणावे लागतात आणि परांच्या कणभर तुकड्यावरून त्यांचा डीएनए तपासावा लागतो.

वशिंडवाल्या महाशीराची नेमकी ओळख, टॉर रेमादेवी, पटली ती 2018 मध्ये. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.