श्राव्यातीत ध्वनीचा शेक व त्याचा जोर

खांदा आखडला अथवा गुडघा धरला म्हणजे शेतकरी आता तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीसाठी जातो. तेथे दुखऱ्या जागी थंड जेल लावून त्यावरून धातूचा गोल प्रोब फिरवितात. लोक ह्यास 'मशीनचा शेक' म्हणतात. प्रोब हाताला फारसा ऊन लागत नाही. त्यामुळे 'जोर वाढवा, म्हणजे लवकर गुण येईल' असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. तो का धरू नये, हे ध्वनीची चाल समजून घेतल्यास ध्यानात येईल.

प्रोबमधील चकती विजेमुळे सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख वेळा कंप पावते. मनुष्याच्या कानास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. म्हणून ह्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. शरीरात शिरलेला ध्वनी वाटेत शोषला जातो व त्याचीच उष्णता होते. कंपने जितकी अधिक, तितके शोषण अधिक. ३० लाखांचा ध्वनी वरच्या थरातच संपतो. १० लाखांचा खोल जातो.

ध्वनी सौम्य असेतोवर लाटेचा आकार कायम राहतो. ती प्रबळ झाली की निराळाच प्रकार घडतो. लाटेच्या माथ्याशी दाब अधिक असल्याने तो भाग किंचित वेगाने पुढे सरकतो, पोकळीचा भाग मागे रेंगाळतो. कोकणच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात आलेली लाट पुढे झुकून उभी राहते, तसेच हे होय. अखेरीस लाटेस करवतीच्या दात्याचा आकार येतो. अशा लाटेत मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपने उत्पन्न होतात, आणि ती शरीरात फार लवकर शोषली जातात. परिणामी जोर दुप्पट केला असता उष्णता दुपटीहून अधिक वाढू शकते. शास्त्रज्ञ ह्यास अरेखीय परिणाम म्हणतात. खताची मात्रा दुप्पट केल्याने पीक दुप्पट येत नाही, उलट करपू शकते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्यात नवल वाटू नये.

तथापि प्रमाण विसरू नये. शेकाच्या यंत्राचा जोर दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः ३ वॅटपर्यंत असतो. १ वॅटला लाटेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पावणेदोन पट भरतो, आणि १० लाख कंपनांची अशी लाट पाण्यात पूर्ण उभी राहण्यास जवळजवळ एक मीटर अंतर लागते. शरीरातील चार-पाच सेंटिमीटरांत ती थोडीशीच झुकते. शस्त्रक्रियेऐवजी वापरल्या जाणाऱ्या केंद्रित ध्वनीची गोष्ट वेगळी. तेथे एका बिंदूवर हजार वॅट व त्याहून अधिक जोर एकवटतो, दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पटींपलीकडे जातो आणि काही सेंटिमीटरांतच लाट उभी राहते. ह्या उष्णतेने गाठीचा भाग क्षणात शिजतो.

दुसरा परिणाम बुडबुड्यांचा. विहिरीवरील पंप पाण्यापासून फार उंच बसविला तर आत खडे वाजल्यासारखा आवाज येतो व पुढे इंपेलर खडबडीत होऊन झिजतो. चोषणाने दाब उतरून पाण्यात बुडबुडे उठतात व ते फुटताना धातू उकरतात. लाटेच्या पोकळीतही दाब असाच उतरतो. ठरावीक मर्यादेपर्यंत बुडबुडा नुसता लहानमोठा होतो; ती ओलांडताच तो एकाएकी मिटतो आणि भोवतालच्या पेशींना इजा करतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील तुलाँ येथे पॉल लांजव्हँ पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी प्रयोग करीत असता ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरत, आणि पाण्यात हात घातल्यास वेदना होत.

हीच शक्ती पुढे उपयोगी पडली. १९८० साली म्युनिक येथे शरीराबाहेरून सोडलेल्या आघात-तरंगांनी मुतखडा फोडण्याचा पहिला उपचार मनुष्यावर झाला. २०२३ साली अमेरिकेत यकृतातील गाठी बुडबुड्यांच्या साहाय्याने नष्ट करणाऱ्या उपकरणास मान्यता मिळाली. ही कामे प्रशिक्षित डॉक्टरांची. शेकाच्या यंत्राकडून त्यांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

शेक घेताना जेल भरपूर असावे, कारण मध्ये हवा राहिल्यास जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो. प्रोब एका जागी थांबवू नये. झोत सर्वत्र सारखा नसतो. काही ठिकाणी तो सरासरीच्या कित्येक पट तीव्र असतो. हाडाशी खोल ठणका उठल्यास रुग्णाने तत्काळ सांगावे. गर्भवतीचे पोट, डोळे, कर्करोगाची गाठ, पेसमेकरची जागा व रक्ताची गुठळी झालेली शीर ह्यांवर हा शेक देत नाहीत. जुनाट कंबरदुखीत त्याचा मोठा लाभ होतो असा भक्कम पुरावा नाही. तेथे सांगितलेला व्यायाम सोडून केवळ यंत्रावर खर्च करणे योग्य नव्हे.

मधुमेहाने अथवा कुष्ठरोगाने ज्याच्या हातापायाची संवेदना गेली आहे, त्यास चटका कळतच नाही. अशा रुग्णाबरोबर जाणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट यंत्र सुरू होण्यापूर्वीच उपचारकाच्या कानावर घालावी.