ऊसतोडीचा हंगाम आणि मुलांचं मन

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड टोळ्या गाव सोडतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते, त्यामुळे ‘यंदा नको’ म्हणायची सोय नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम उसाच्या फडात. या हिशेबात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जागाच नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात किशोरवयातल्या ताणाचा विषय निघाला की सगळे दहावीच्या परीक्षेबद्दल बोलतात. खरं तर आधी या हंगामाबद्दल बोलायला हवं.

गेलं तरी, राहिलं तरी

सोबत गेलेल्या मुलाची शाळा ऐन मध्यात तुटते आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकटी भावंडं त्याच्या गळ्यात पडतात. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्याची शाळा टिकते; मात्र आई-बाप निम्मं वर्ष दिसत नाहीत. मुलींचं आणखी अवघड. ‘पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायची?’ म्हणत हंगामाआधीच लग्न उरकलं जातं. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६च्या कायद्याने गुन्हा आहे, हे गावात बहुतेकांना ठाऊकही असतं.

अंगावर निघणारा ताण

एखादा धक्का मूल पचवतं. दरवर्षी परतणारा ताण मात्र शरीराला सैल पडू देत नाही: झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यात आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून दुःख रागातून बाहेर पडतं, नाहीतर पोटदुखी-डोकेदुखीतून. गुरुजी म्हणतात, पोरगं वाया गेलं; आजी दृष्ट काढते. प्रत्येक चिडचिड आजार नव्हे. पण उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे हटली नाही, आवडीचा खेळही सुटला किंवा मरणाची भाषा तोंडी आली, तर ‘नाटकं करतो’ म्हणू नये. मरणाचं बोलणाऱ्या मुलाला एकटं सोडू नये आणि तातडीने दवाखाना गाठावा.

मदत

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. मनाच्या दुखण्यालाही मला हाच रस्ता जवळचा वाटतो: मुलाने आधी ओळखीच्या माणसापाशी बोलावं, डॉक्टर नंतर. शासनाचा १० ते १९ वयोगटासाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर समुपदेशक मिळतो, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही मोफत. फक्त घरातला एकुलता फोन बापाच्या खिशातून फडात गेलेला असतो. तेव्हा वर्गशिक्षकांनी किंवा आशाताईंनी आपला फोन मुलाच्या हाती द्यावा आणि जरा लांब जाऊन उभं राहावं.