झाड कोणाचे? वस्तीतील हिरवळ आणि वस्तीचे मन

चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात की वायू, जल, देश व काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात. भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वी औषधी संग्रहित करावी, असाही त्यांचा उपदेश आहे. म्हणूनच वृक्षारोपण हा आपणा वैद्यांना व औषधालयचालकांना परका विषय नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. राज्यातील मोठ्या वृक्षलागवड मोहिमांचा आरंभही १ जुलैलाच होत असे. २०१९ मधील लक्ष्य तर ३३ कोटी रोपांचे होते. मात्र ज्यांच्या दारापुढे रोप लागते, त्यांच्या मनात काय असते, हे आपण क्वचितच विचारतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात २०११ ते २०१४ या काळात एका संस्थेने रस्त्याकडेला विनामूल्य झाडे देऊ केली. ७,४२५ पात्र रहिवाशांपैकी १,७१६ जणांनी, म्हणजे सुमारे चौथ्या हिश्श्याने, झाड नाकारले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याची कारणे दिसून आली. झाडांचा द्वेष कोणालाच नव्हता. जागा व जात ठरविताना आपल्याला विचारले नाही, आणि पुढे पाने झाडणे, फांद्या तोडणे हा भार मात्र आपल्यावर येणार, ही त्यांची खंत होती.

आपल्या राज्यातील आठवण याहून कटू आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हजारो झोपड्या हटविल्या गेल्या. पुनर्वसनास पात्र ठरण्यासाठी १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा आणि ७,००० रुपये भरणे आवश्यक होते. ज्याच्या हाती घराचा कागद नाही, त्याला हिरवे कुंपण हे घर जाण्याची पूर्वसूचना वाटले, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही.

वाशीम शहर पाण्यासाठी एकबुर्जी जलाशयावर अवलंबून आहे. जेथे उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्यांची रांग लागते, तेथे रोपाला घागरभर पाणी घालणे हा त्याग असतो, आणि तो बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येतो. त्याच वेळी पत्र्याच्या छपराखाली वैशाख काढणाऱ्याला निंबाच्या सावलीचे मोल आपण सांगण्याची गरज नाही. त्याला सावली हवी आहे; त्याविषयीचा निर्णयही त्याचाच असावा, एवढेच त्याचे म्हणणे असते.

चिकित्सेपूर्वी आपण दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनी रुग्णाची परीक्षा करतो. वस्तीच्या बाबतीत आपण प्रश्नच गाळतो. यंदा रोपे नेण्यापूर्वी एक संध्याकाळ वस्तीत बसावे. निंब, करंज, शेवगा, हदगा यांपैकी काय हवे ते विचारावे. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, सप्तपर्णाच्या फुलांचा उग्र गंध सर्वांना सोसत नाही, हेही मोकळेपणाने सांगावे. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण देणार, हे आधी ठरवावे. तो खर्च संघटनेने उचलावा. औषधालयचालकांनी निंबोळी, करंजबीज, गुळवेल वस्तीकडूनच रास्त दराने घ्यावी.

असे केल्यास कदाचित रोपे कमी लागतील. पण जी लागतील, त्यांना धनी असेल. छायाचित्रासाठी लावलेल्या शंभर रोपांपेक्षा वस्तीने मागून घेतलेला एक निंब आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.